ओकापासून डावीकडे

फ्लॉरिडा, ४ जानेवारी

चि. रॉडनी यास अनेक आशीर्वाद.

ओहायोतलं बर्फ उपसून कंबर धड आहे ना? इथे माणसांचा नुसता लोंढा लोटलाय. संध्याकाळी चौकातल्या नाचाला लोक दुपारीच खुर्च्या अडवून बसतात. म्हातारे झाले तरी हावरटपणा जात नाही मेल्यांचा!

तुझ्या दाजींचं, ड्वेनचं, विसरणं वाढलंय. मोटारीच्या किल्ल्या डॉक्टरांनी काढून घेतल्या, गोल्फची छोटी गाडी तेवढी ठेवली. गायींच्या कुरणाजवळचं ओकाचं मोठं झाड, तिथून डावीकडे पिवळं घर, एवढं त्याला पक्कं आहे. आपला आपण घरी येतोय तोवर घरीच राहू दे, असं डॉक्टर म्हणतात. आमच्या शेरिलनं मात्र बापाला कुलूपबंद वॉर्डात ठेवायचं टुमणं लावलंय. मी जिवंत असेतो ते होऊ द्यायची नाही.

तुम्ही दोघं इकडेच राहायला या ना रे. मी एकटी पुरी पडत नाही. कॅरललाही आशीर्वाद, आणि माझी आठवण ठेवा.

तुझी,
अर्डिसताई

ओहायो, २० मार्च

ती. अर्डिसताईस, शि. सा. न. वि. वि.

घे, ऐकलं तुझं! घर घेतलं, तेही तुमच्या मागच्याच गल्लीत. तिथे कुरण होतं म्हणे, आता घरांची रांगच उठतेय. दाजींना परकं वाटू नये म्हणून हुबेहूब तुमच्यासारखंच निवडलं. रंग पिवळा, दार पांढरं, दाराशी लिंबाचं झाडसुद्धा लावायला सांगितलंय. कॅरल म्हणते, तुला बायकोपेक्षा बहिणीचं घर प्यारं. मे महिन्यात येतो. तोवर लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा,
रॉडनी

फ्लॉरिडा, २ मे

चि. रॉडनी यास आशीर्वाद.

तुमच्या रांगेसाठी ओक तोडला. गायी गेल्या. मी ड्वेनला रोज नवी वळणं दाखवत होते, पण त्याच्या डोक्यात ती राहीनात. बुधवारी पत्ते खेळून निघाला तो आलाच नाही. अंधार पडल्यावर पोलिसांना सापडला, तुझ्या घरात. कामगार दार उघडं टाकून गेले होते. आत ना पंखा, ना पाणी, ना खुर्ची. घामानं भिजून फरशीवर बसला होता. बायकोनं सामान कुठेतरी हलवलंय, पण ती येईलच, असं त्यांना सांगत होता.

आता डॉक्टरही शेरिलच्याच बाजूचे झाले. त्याला वॉर्डात ठेवलं. तुझा राग येतो, रॉडनी. तू मायेनंच केलंस, म्हणून तर जास्तच येतो.

काल भेटायला गेले तर आदबीनं उठून मला खुर्ची दिली. बाई, तुम्ही नव्याच आलात का, असं विचारलं. मी हो म्हटलं. मग हळूच म्हणाला, की जमलं तर दुसरीकडे बघा, इथे आता फार गर्दी झालीय.

घर तुमचं आहे, यायचं तर या. माया मात्र सध्या तूच सांभाळ, माझ्याच्यानं होत नाही.

अर्डिस