जिथे कांपाई म्हणत नाहीत

मी, हेरंब दत्तात्रय पळसुले, वय बहात्तर, धंदा पूर्वी यंत्रांच्या माहितीपुस्तकांचे भाषांतर व आता काही नाही, मूळचा वाईचा, हल्ली राहणार कामिनोसे, निइगाता प्रांत, जपान, हे माझे अखेरचे इच्छापत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता, स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. पोट नाही, आणि डॉक्टरीणबाईंनी आता ते ठिकाणावर आणण्याचा नाद सोडला आहे. साकेचा थेंब बऱ्याच दिवसांत घेतलेला नाही, तेव्हा माझ्या शुद्धीबद्दल कोणी शंका काढू नये. माझे मेहुणे विश्वासराव काढतीलच.

घर आणि बँक यांची जपानी प्रत वकिलांकडे दिली आहे. ही मराठी प्रत माझी भाची चि. ऋजुता हिच्यासाठी. चाळीस वर्षे जपानी बोलतो, पण त्या भाषेत मला नीट भांडता येत नाही आणि रडताही येत नाही. ऋजुता, तू हे वाच आणि पुलाजवळच्या साकेच्या दुकानाची मालकीण हानावा तोमोए हिला फोनवर इंग्रजीत समजावून सांग. तिचे इंग्रजी मोडके आहे, सावकाश बोल. माझ्या मागचे सगळे तीच बघणार आहे.

कलम १. राहते घर माझी पत्नी कै. चिझुको हिच्या वडिलांचे. गल्लीत संध्याकाळी दिवा लागणारी घरे आता मोजकीच उरली आहेत. फुकट घेणारा भेटला तर द्यावे. भेटणार नाही. मग पाडावे आणि जागा नगरपालिकेला द्यावी, म्हणजे तिथे गाड्या तरी उभ्या राहतील.

कलम २. बँकेतल्या शिलकीतून दवाखाना, दहन आणि देवळाचे भागवून उरेल ते ऋजुताला. त्यातले काही विश्वासरावांच्या हाती जाऊ नये. आईच्या तेराव्याला भरल्या पंगतीत ते म्हणाले होते, "हेरंब जपानात जाऊन दारुडा झाला." मी वाढायला उभा होतो, हातात भाताचे पातेले होते, म्हणून वाचले. आईला मी सांगून ठेवले होते की साके म्हणजे तांदळाची पेज. त्यावर ती म्हणाली होती, "पेज प्यायला एवढ्या लांब कशाला गेलास रे?" तिला उत्तर द्यायचे राहून गेले.

उत्तर खरे तर सोपे होते. इथे आलो त्या वसंतात गावच्या साके-उत्सवाला गेलो. तेव्हा गावात पाच भट्ट्या होत्या आणि त्या दिवशी पाचही अंगणे सगळ्यांना खुली असत. दारात मातीचा पेला मिळे, वर्ष कोरलेला, तो घेऊन दिवसभर हिंडायचे. मला ना ओळख ना पाळख. एका बाकावर बसून सुरईतून स्वतःलाच ओतून घेऊ लागलो. तेवढ्यात एका माणसाने सुरई माझ्या हातातून काढून घेतली.

"अहो, हे काय? स्वतःच ओतून घेताय? तुम्हाला काय कोणी नाही का?"

"नाही," मी म्हटले. खरेच नव्हते.

तो शेजारच्या टोळक्याकडे वळून ओरडला, "चिझुको, ये गं इकडे. या बिचाऱ्याला कोणी नाही. ओत याला!"

ओरडणारा ओकुदा शिगेहारू, गावचा पोस्टमास्तर. चिझुको त्याच्या हाताखाली तिकिटे विकायची. तिने दोन्ही हातांनी सुरई धरून मला ओतले, मी तिला ओतले, आणि ओकुदाने गर्दी हादरेल असे "कांपाई!" म्हणून आमच्या पेल्यांवर आपला पेला आपटला. त्याला हेरंब म्हणता येईना. 'हेरान-सान', म्हणजे हेरानराव, म्हणू लागला. मराठीत हैराण म्हणजे काय ते सांगितले तेव्हा म्हणाला, "मग बरोबरच आहे की. आता लग्न झाल्यावर आणखी व्हाल." त्यानंतर एकही उत्सव आम्ही तिघांनी चुकवला नाही. इथे आपला पेला स्वतः भरत नाहीत, शेजाऱ्याचा भरतात. हेच मला आईला सांगायचे होते.

कलम ३. फडताळातले उत्सवाचे पेले, प्रत्येक वर्षाचे दोन. जोड्या फोडू नयेत. ऋजुताने हवे तर चहा प्यावा, चालेल. पहिल्या वर्षाची जोडी माझ्याबरोबर ठेवावी. एक पेला एकटा आहे, तो चिझुको गेल्यानंतरच्या उत्सवाचा. त्या दिवशी मी तो रिकामा घेऊन उभा राहिलो. लोक लवून नमस्कार करत होते आणि आपापल्या टोळक्यात जात होते. शेवटी लाकडांच्या ढिगामागे जाऊन मी स्वतःच ओतून घेतले आणि पाण्यासारखे पिऊन टाकले. तो पेला फोडून टाकावा.

आता शेवटची भट्टीही बंद आहे. नवी साके झाली की दारावर देवदाराच्या पानांचा हिरवा गोळा टांगतात. तिथे जुना तपकिरी गोळा अजून लोंबतो आहे, काढायलाही कोणी आले नाही. उत्सव म्हणे नगरपालिकेच्या आवारात होतो, परगावची साके आणि प्लॅस्टिकचे पेले. त्या उत्सवाच्या समितीला माझ्याकडून काही नाही.

कलम ४. साके कोमट करायचे तांब्याचे भांडे आणि चिझुकोची सुरई. साक्षीदाराला वारसा देऊ नये असे आपल्याकडचा कायदा सांगतो, म्हणून तोमोएला काही देत नाही. भांडे आणि सुरई ती कालच घेऊन गेली आहे.

कलम ५. माझ्या अस्थी कृष्णेत सोडू नयेत. ऋजुताच्या आईने हट्ट केला तरी नाही. त्या इथल्या देवळामागे चिझुकोशेजारी ठेवाव्यात. आम्हाला मूलबाळ नाही. ज्या थडग्यावर कोणी येत नाही त्याला देऊळ एक पाटी लावते: नातेवाइकांनी संपर्क साधावा. काही वर्षे वाट बघून दगड हलवतात. आमच्यावर ती पाटी लागेल. मरणाची मला भीती वाटत नाही. तिथे कधीच कोणी ओतायला येणार नाही, याची वाटते, आणि हे लिहितानाही वाटते आहे.

कलम ६. ओकुदा शिगेहारू यास काहीही देऊ नये. माझ्या मरणाची बातमीही देऊ नये. कारण पुढीलप्रमाणे.

चिझुकोच्या दहनानंतर देवळाच्या ओवरीत जेवण होते. मेलेल्या माणसासाठी पेला उचलताना इथे कांपाई म्हणत नाहीत. 'केनपाई' म्हणतात, हळू आवाजात, आणि पेल्याला पेला लावत नाहीत. लहान पोरालाही हे ठाऊक असते. वडीलधारा म्हणून ओकुदाने तो शब्द म्हणायचा होता. तो उठला. "चिझुको-सान..." म्हणाला आणि थांबला. मग खच्चून ओरडला, "कांपाई!" आणि त्याने आपला पेला माझ्या पेल्यावर आपटला. साके माझ्या काळ्या कोटावर सांडली. 

मी मराठीत ओरडलो, "नीघ इथून!" सगळ्यांना कळले.

"हेरान-सान, जीभ घसरली हो," तो म्हणत होता. "ती समोर असली की तोच शब्द यायचा ना तोंडात..."

मी ऐकले नाही. तो दुसऱ्याच कोणाचे तरी बूट घालून गेला. पुढे दोनदा बाटली घेऊन दारात उभा राहिला, मी दार उघडले नाही. मग त्याने येणेच सोडले. मैत्री एवढ्यात आटोपली, असे मी समजलो.

इथपर्यंत लिहिले आणि तोमोए सही करायला आली. ओकुदाचे नाव तेवढे तिला वाचता आले, कारण ते मी तिच्या लिपीत लिहिले होते.

"यांना काय देताय?"

"काही नाही. तो मला विसरला, मी त्याला."

तिने हातातले पेन खाली ठेवले. "तुम्हाला कोणी सांगितलंच नाही? अहो, ते सगळंच विसरलेत. मुलीने त्यांना पलीकडच्या गावात वृद्धाश्रमात ठेवलंय. मी बाटल्या पोचवायला जाते ना तिकडे. दर खेपेला एकच विचारतात."

"काय?"

"उत्सव कधी आहे. आणि म्हणतात, चिझुकोला आणि त्या हेरानला सांग, माझ्यासाठी बाकावर जागा धरा म्हणावं."

मी तिला खुर्ची द्यायलाही विसरलो. ज्याच्यावर एवढी वर्षे रागावलो, त्याला ते भांडण ठाऊकच नाही. आता क्षमा केली तरी ती घेणार कोण? मला खूप रडू आले. तोमोएने पाणी आणून दिले, स्वतः ओतून.

कलम ६ रद्द. खोडलेली अक्षरे मोजून तिथे लिहावीत आणि शिक्का मारावा असा इथला रिवाज आहे. शिक्का मारला आहे. अक्षरे मोजण्याची ताकद नाही.

कलम ७. माझ्या दहनानंतरच्या जेवणाला ओकुदाला गाडी करून आणावे. कोण मेले ते त्याला सांगू नये. चिझुको कुठे आहे असे विचारले तर पुढे गेली म्हणावे, हेरानही तिच्याबरोबर गेला म्हणावे. चिझुकोच्या सुरईतून तोमोएने त्याला ओतावे आणि शब्द त्यालाच म्हणू द्यावा. तो कांपाई म्हणेल, मोठ्याने म्हणेल. कोणी त्याला दटावू नये. सगळ्यांनी आपापला पेला त्याच्या पेल्यावर वाजवावा, साके सांडली तर सांडू द्यावी.

पाटी लागायची तेव्हा लागो.

ठिकाण : कामिनोसे
तारीख : २ मार्च २०२४

सही व शिक्का : हेरंब दत्तात्रय पळसुले

साक्षीदार पहिला : हानावा तोमोए (सही केली आहे. मजकूर वाचता येत नाही, पण तिने मला रडताना पाहिले आहे.)

साक्षीदार दुसरा : ओकुदा शिगेहारू (इथल्या कायद्याला हा साक्षीदार लागत नाही, मला लागतो. तोमोएने पुढच्या खेपेला सही आणावी. कागद कशाचा म्हणून विचारले तर सांगावे, उत्सवाचा आहे, बाकावर तुमची जागा धरली आहे.)