बहात्तर आणि अठरा

५ जानेवारी
पोचले एकदाची! बारा वर्षं चूल आणि मूल केल्यावर पुन्हा नर्स व्हायचं, तर महिन्याभराचा हा उजळणीवर्ग पास व्हायलाच हवा. मग वॉर्ड पुन्हा माझा. खोलीत सोबतीला शोशम्मा चेची (चेची म्हणजे ताई), मस्कतहून परतलेली, तोंडाचा पट्टा अखंड चालू. माझा जुना पांढरा कोट अंगात शिरेना, तर म्हणते, त्रेस्या, कोट आटला नाही गं, तू फुगलीस! जेवायला उकड्या तांदळाचा भात आणि मीनकरी, माशांचं कालवण. दोनदा वाढून घेतलं.

७ जानेवारी
सरावाच्या खोलीत सहा खाटा, सहाव्या खाटेवर रबरी म्हातारा. मशीन लावलं की त्याची नाडी चालते. चेचीने त्याला अप्पच्चन म्हणायला सुरुवात केली, आपल्या सगळ्या म्हाताऱ्यांना म्हणतो तसं. अन्नम्मा टीचरचा नियम एकच: मनगटावर बोटं, घड्याळावर डोळे, पूर्ण एक मिनिट.

पण जेवणाची घंटा झाली होती. मी खाटेच्या पायाशी उभी राहूनच चार्ट भरला. नाडी बहात्तर, श्वास अठरा. घाईच्या वेळी हाताला सवयीचे आकडे हेच. नेमकं टीचरनी मशीन बंद ठेवलेलं! बाकी सगळ्यांनी शून्य लिहिलं होतं. टीचर म्हणाल्या, त्रेस्याने मेलेल्याला उठवून बसवलं. सगळ्या हसल्या, मीही हसले. जेवण मात्र गेलं नाही.

८ जानेवारी
हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बारा वर्षांपूर्वीही खाट सहा नंबरचीच होती. कुरियाक्कोस अप्पच्चन. म्हणाले होते, पोरी, जाण्याआधी एकदा माझा हात धरून बघ, छातीत कसंतरी होतंय. ड्युटी संपत आली होती. मी पायाशी उभी राहून बहात्तर, अठरा लिहिलं आणि बस पकडली. तासाभरात ते गेले. हात धरला असता तर वाचले असते. चार्ट चोख होता, त्यामुळे मला कुणी बोल लावला नाही. लग्नाचं निमित्त करून मी नोकरी सोडली.

१० जानेवारी
रबरी म्हाताऱ्याच्या चार्टवर दर तासाला बहात्तर, अठरा. अक्षर माझं. मी तर दिवसभर वर्गात होते, चेचीच्या शेजारी. शेवटी त्याचं मनगट धरलं. मशीनची वायर भिंतीतून काढलेली, आणि मनगट गरम. नाडी लागत होती. बहात्तर.

१२ जानेवारी
सकाळी चेचीचा हात माझ्या मानेला लागला. ओरडलीच, बर्फात झोपलीस की काय! भूक नाही. भीती वाटते. माझ्या खाटेच्या पायाशी चार्ट टांगलाय. नाव माझं. खाट सहा. बहात्तर, अठरा—

१३ जानेवारी
टीचरना सगळं सांगितलं. अप्पच्चनचंही. पास करू नका म्हटलं, फक्त माझा हात धरा. त्यांनी पायाशी उभं राहूनच चार्ट पाहिला. म्हणाल्या, सगळं ठीक आहे, पडून राहा. आता चेचीही पायाशी उभी राहूनच लिहिते—

दुपारी
माझ्याच मनगटावर माझी बोटं. घड्याळावर डोळे. दहा सेकंद, काही नाही. तीस— पूर्ण मिनिट मोजायचं, पूर्ण—

काहीच नाही.

छातीत कसंतरी—

कुणीतरी आलंय. पायाशी उभं आहे. पेन कागदावर— अहो, लिहू नका, आधी हात धरा, एकदा तरी हात—