साडेचार फुटांवरचं मीठ

तासगाव,
१४ मार्च १९९९

प्रिय लाला,

'प्रिय' लिहिलं ते सवयीनं. खोडणार होतो, पण पंचवीस वर्षं ज्या हातानं तुला प्रिय लिहिलं, त्याला तीन दिवसांत नवं वळण लावता येत नाही. खुशाली विचारत नाही. तुझं उत्तम चाललंय हे गुरुवारी मी संगणकावर वाचलं, तुझ्या फोटोसकट. पुण्याच्या कंपनीत टाय लावावा लागतो वाटतं.

आधी मी तिथवर पोचलो कसा ते सांगतो, कारण बेदाण्याच्या शेडवरचा माणूस इंटरनेटपर्यंत पोचत नाही अशी तुझी पक्की समजूत दिसते. माझी प्राची, जिच्या बारशाला तू कराडहून जिलेबी घेऊन आला होतास, ती आता इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीत तिनं मला सांगलीच्या एका सायबर कॅफेत नेऊन खुर्चीत बसवलं. म्हणाली, "आण्णा, ऑस्ट्रेलियात बेदाणा कसा करतात ते मला काय विचारता? हितं बसा आणि तुमचं तुम्ही वाचा." पहिल्या दिवशी एका पानावरचा द्राक्षाचा घड वरून खाली उतरायला इतका वेळ लागला, की निम्मा घड दिसेपर्यंत लाइन तुटली. मग तिनं एकेक युक्ती शिकवली. ब्राउझरमध्ये चित्रं बंद करून टाकायची, म्हणजे अक्षरं पटकन येतात. एक लेख वाचता वाचता दुसऱ्याची लिंक नव्या खिडकीत उघडून ठेवायची, म्हणजे हा संपेस्तोवर तो येऊन बसलेला असतो. लांबलचक लेखात आपल्याला हवा तो शब्द शोधायची सोय असते, ती वापरायची, सगळं चाळत बसायचं नाही. आणि वाचायला घेण्याआधी तळाशी जाऊन लेख कुणी लिहिला, कधी लिहिला ते बघायचं, कारण इंटरनेटवर कुणीही काहीही लिहितं. हे शेवटचं मला तेव्हा जरा जास्तच वाटलं होतं.

चांगलं पान सापडलं की त्याची खूण ठेवायलाही तिनं शिकवलं. मी इमानदारीत खुणा ठेवत गेलो आणि पुढच्या गुरुवारी दुसऱ्या संगणकावर बसलो, तर एकही खूण नाही. मालकाला चोरीची तक्रार केली. तो हसून म्हणाला, "आवं आण्णा, खुणा तीन नंबरच्या मशीनमधी हायत, तुमच्या खिशात न्हाईत." तेव्हापासून मी तीन नंबर रिकामा होईपर्यंत बाकावर बसून राहतो. दर गुरुवारी एसटीनं सांगलीला जायचं, शेडचं सामान घ्यायचं आणि तासभर वाचायचं. कॅलिफोर्निया वाचला, तुर्कस्तान वाचला. शब्दकोश मांडीवर घेऊन वाचला, पण वाचला. कोल्हापूरच्या कॉलेजात तुझ्या नोट्सवर पास झालेला आदगोंडा चव्वेचाळिसाव्या वर्षी विद्यार्थी झाला होता, आणि फार सुखात होता.

गेल्या गुरुवारी मी बेदाणा, सावली, दमट हवा असे इंग्रजी शब्द टाकून शोधलं. सातव्या की आठव्या ओळीत एक लेख निघाला. शिस्तीप्रमाणे आधी तळाशी गेलो, तर तिथं तुझं नाव. लाला, खोटं सांगत नाही, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या खुर्चीवर एक अनोळखी माणूस होता, त्याला दंडाला धरून सांगितलं की हा माझा रूम पार्टनर, चार वर्षं एका ताटात जेवलो. तो बिचारा उठून लेख बघायला आला. मग मी वर गेलो आणि वाचायला लागलो.

पहिल्या दोन परिच्छेदांत मला वाटलं, आपलं आणि लालाचं किती जुळतं. चौथ्यात कळलं की जुळत नाही, तो मीच आहे. दमट हवा सुटली की वाळत घातलेला बेदाणा काळा पडतो, म्हणून वेळेवर शेडचे पडदे पाडावे लागतात, आणि ती वेळ ओळखायला शेडच्या चारी कोपऱ्यांत मिठाच्या पुरचुंड्या टांगायच्या, हाताला मीठ ओलसर लागलं की पडदे पाडायचे. 'सहज कुतूहल म्हणून विचारतो' असं तू शहाण्णव साली लिहिलंस, म्हणून मी अकरा पानं लिहून तुला हे कळवलं होतं. उदाहरणं माझी, क्रम माझा, एवढंच काय, गुढीपाडव्याला आलेला वळीवही माझा. वर तू लिहितोस, 'प्रदीर्घ निरीक्षणानंतर लेखकाला असे आढळले.' कुठं बसून निरीक्षण केलंस रे? तुझ्या ऑफिसच्या गच्चीवर बेदाणा वाळतो काय?

मग प्राचीनं शिकवलेली ती शब्द शोधायची सोय वापरली. माझं नाव टाकलं. सापडलं नाही. आडनाव टाकलं. सापडलं नाही. तासगाव टाकलं तर एकदा सापडलं, 'या भागातील शेतकरी अद्याप अंदाजानेच काम करतात' या वाक्यात. हे वाचून मी खुर्चीवरून उठलो तो तसाच बाहेर जाऊन उसाच्या गाड्यावर उभा राहिलो, रस न घेता. जरा वेळानं आत येऊन लेख छापून घेतला. ज्याचं मीठ खाल्लं त्याला विसरू नये म्हणतात, तू तर मीठच उचलून नेलंस.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कागद घेऊन शेडवर गेलो. कुणाजवळ तरी आग ओकायची होती, आणि तिथं ऐकून घेण्यासारखं माणूस म्हणजे सुलाबाई. ती मणेराजुरीची. अकरा हंगाम माझ्या शेडवर आहे, द्राक्षं पाण्यातून काढून जाळीवर पसरणाऱ्या बायकांची मुकादम. मी तिला उपड्या क्रेटवर बसवलं आणि एकेक ओळ मराठी करून वाचत गेलो. मिठाच्या ओळीला ती हसली, कारण तू 'टेबलावरचे बारीक मीठ' लिहिलंयस. म्हणाली, "पुडीतलं मीठ? ते तर लय दिवस सुकंच ऱ्हातंय. त्याच्या भरवशावर बसला तर समदा माल काळा." खडेमीठ हा शब्द माझ्या पत्रात चार वेळा आहे, लाला. उचलताना निदान नीट उचलायचं होतंस. या मार्चमध्ये तुझा लेख वाचून कुणी बारीक मीठ टांगलं असेल, तर त्याच्या मालाचं काय झालं असेल, याचा विचार कर.

पुढं माझ्याच पत्रातला आकडा घेऊन तू लिहिलंयस की पुरचुंडी जमिनीपासून साडेचार फुटांवर टांगावी, 'प्रयोगान्ती हीच उंची सर्वात योग्य आढळली'. हे मी वाचलं आणि सुलाबाई हसायची थांबली. उठून जवळच्या खांबापाशी गेली, पुरचुंडीला हात लावला आणि तशीच उभी राहिली. तेवढीच तिची उंची आहे. पुरचुंडी त्या उंचीवर आहे कारण येता-जाता तिचा हात तिथं सहज लागतो, दुसरं काहीही कारण नाही. मी विषय पुढं रेटून वाचायला लागलो, तेव्हा तिनं विचारलं, "आण्णा, ह्या कागदात माझं नाव कुटं हाय?" मी उसळून म्हणालो, तुझं काय घेऊन बसलीस, माझंसुद्धा नाही. ती म्हणाली, "तुमचं न्हाई ते कळलं. मी माझं इचारतीय."

मग ती शांतपणे बोलली. म्हणाली, "चौऱ्याण्णव सालच्या सभेत तुमी शाल घेतली, तवा बी मी मागंच हुबी हुते. नमुन्याची डबी धरून." मला ती सभा आठवते. बागायतदार मंडळींनी माझ्या 'मिठाच्या प्रयोगा'ला टाळ्या दिल्या होत्या आणि मी वाकून नमस्कार केला होता. त्याच्या आदल्या वर्षी मिठाची पहिली पुरचुंडी सुलाबाईनं स्वतःच्या लुगड्याच्या चिंधीत बांधली होती. मी विचारलं होतं, हे काय करणी केलीस काय, आणि पंधरा दिवस चेष्टा करत होतो. शेजाऱ्यांचा माल काळा पडला आणि आमचा सोन्यासारखा निघाला, तेव्हा चेष्टा थांबली आणि प्रयोग माझा झाला.

घरी आलो आणि तुला धाडलेल्या पत्राची प्रत काढली. वडिलांची सवय, मीही प्रत ठेवतो. अकरा पानं पुन्हा वाचली. 'मी पाहिले', 'मी टांगले', 'माझ्या लक्षात आले'. सुलाबाई त्यात कुठंही नाही. कॅफेत मी तुझ्या लेखात माझं नाव शोधलं, आडनाव शोधलं, गाव शोधलं. तिचं नाव शोधायचं मला सुचलंसुद्धा नाही. तुझ्यावरचा माझा राग तसूभरही कमी झालेला नाही, हे ध्यानात ठेव. फक्त आता त्याला दोन धनी आहेत.

प्राचीनं मला ईमेल काढून दिलाय, तरी हे हातानं लिहितोय, कारण हे तू सहज पुसून टाकू नयेस. काल मी सुलाबाईची माफी मागितली. ती म्हणाली, "माफीचं ऱ्हाऊ द्या. नाव लिवायला सांगा." म्हणून हे पत्र. माझं नाव घालू नकोस. बारीक मीठ काढून खडेमीठ कर, साडेचार फुटांचं खरं कारण लिही, आणि वर ठळक लिही: ही पद्धत सुलाबाई कृष्णात चंदनशिवे, मणेराजुरी, यांची आहे. पुढच्या महिन्यात सभा आहे, तिथं तिला मंचावर बसवून माझं मी निस्तरतो. तुझं तू निस्तर. दर गुरुवारी मी तीन नंबरवर ते पान उघडणार आहे, आणि या खेपेपासून सुलाबाईही एसटीनं माझ्याबरोबर येणार आहे. तिला वाचता येत नाही. पडद्यावर नाव आलं की मी दाखवीन म्हणालो, तर म्हणाली की नको, सून बारावी झालीय, ती सोबत येईल. माझ्या वाचण्यावर तिचा आता भरवसा उरलेला नाही.

तुझाच,
आदगोंडा