एक वापरकर्ता

मंगळवार, ३ ऑक्टोबर

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. मी बरा आहे, खोकला गेला. खोलीची खिडकी अजून नीट लागत नाही, घरमालक आज-उद्या करतोय. दाजींची मान आता नव्या उशीवर नीट टेकते का? तुझे फोन मी मुद्दामच उचलत नाहीये. तू विचारशील आणि मी पुन्हा थाप मारीन, म्हणून हे लिहितोय.

तुला ठाऊकच आहे, आम्ही सात जण हौसेनं एक लिनक्स, म्हणजे विंडोजसारखी पण फुकट मिळणारी कॉम्प्युटरची प्रणाली, चालवतो. तिच्यावर लागणारे प्रोग्राम जिथून उतरवायचे त्या जागेला आम्ही कोठार म्हणतो. अशी चार कोठारं होऊन बसली होती. नवख्या माणसाला कळेना कुठून काय घ्यायचं, आणि प्रोग्राम लिहिणारे वैतागलेले, कारण एकच गोष्ट चार ठिकाणी चढवायची. मी म्हटलं, चारांचं एक करू. तीन महिने मान मोडून काम केलं. सगळ्यांनी पाठ थोपटली. एका बाईंनी लिहिलं, 'माझ्या वडिलांनी पहिल्यांदाच मला न विचारता काहीतरी बसवलं.' ते मी चार वेळा वाचलं. काम चांगलंच होतं गं, अजूनही वाटतं.

आता खरं सांगतो. दाजींचा आवाज सर्व्हर बिघडल्यामुळे गेला, असं मी तुला म्हणालो होतो. सर्व्हर ठणठणीत होता.

त्यांची जीभ जड व्हायला लागली तेव्हा आपण कपाटाच्या खोलीत गोधड्या टांगून त्यांची सोळाशे वाक्यं रेकॉर्ड केली. ड्रायव्हिंग शिकवणारा माणूस, साधं 'पाणी दे'सुद्धा शिकाऊला झापल्यासारखं म्हणायचे. त्यातून मी त्यांचा आवाज तयार केला. ते बोटानं टाइप करायचे आणि कॉम्प्युटर त्यांच्याच आवाजात तुझ्यावर डाफरायचा. तू म्हणाली होतीस, रेकॉर्डिंगची एक प्रत घरी ठेवू. मी म्हणालो, घरच्या पेनड्राइव्हचा काय भरवसा, माझ्या कोठारात राहू दे. माझा अतिशहाणपणा.

कोठारं एक करताना नियम मीच केला: ज्याला दहापेक्षा कमी लोक वापरतात ते काढून टाकायचं, लोकांच्या कॉम्प्युटरवरूनही. चारशे बारा नावांची यादी निघाली. ती तपासायचं काम माझं होतं. मी नावं वाचलीच नाहीत, नुसता आकड्यांच्या रकान्यावरून डोळा फिरवला. एका ओळीपुढे होतं, 'वापरकर्ते: १'. मी हसलो, ताई. शेजारच्या मित्राला म्हटलं, "हा कोण एकटा जीव अजून चिकटून बसलाय?"

तो म्हणाला, "विचार की त्याला."

"एका माणसासाठी कुठे थांबत बसतोस!" म्हटलं आणि बटण दाबलं. माझ्या कोठाराचं जुनं मशीन, ज्यावर दाजींची रेकॉर्डिंग होती, तेही त्याच दुपारी मी माझ्या हातानं पुसलं.

तुमच्या कॉम्प्युटरची डिस्क नेली होती, ती पुसलेलं परत काढून देणाऱ्या दोन ठिकाणी दाखवली. अकरा सेकंद सापडले. त्यात दाजी नुसते खाकरतायत.

मी बसवून दिलेला दुसरा, तयार मिळणारा आवाज त्यांनी एकदाच ऐकला आणि बंद करायला लावला. तू लिहिलंयस, 'कोणी परका माणूस घरात बोलतोय असं वाटतं. आता ते पाटीवर लिहितात, पण मी स्वयंपाकघरात असले की मला कळतच नाही ते काय म्हणतायत. तू शोधतोयस म्हणून धीर धरून आहेत.'

त्यांना धीर देऊ नकोस. मी काही शोधत नाहीये. शोधण्यासारखं काही उरलेलंच नाही. तीन आठवडे मी तुम्हाला नुसतं झुलवत ठेवलं, कारण तुझ्यासमोर उभं राहायची हिंमत नव्हती. आजही नाही.

रविवारी येतोय. दाजींना तू काही सांगू नकोस, मीच त्यांच्यासमोर बसून सांगेन. शिव्या खायची माझी तयारी आहे. त्या त्यांना पाटीवर लिहाव्या लागतील, आणि मला त्या वाचाव्या लागतील.

दार उघडलंस तर तुझा,
धाकटा