शेऱ्याचा रकाना

४ डिसेंबर २००१, धारूर

झाकण मिटून झोपवलेला लॅपटॉप आपोआप जागा का होतो? मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, तरी पहिल्याच दिवशी विचारलेल्या या प्रश्नाचं उत्तर मला आलं नाही. विचारलं छबुबाईनं. ती इथल्या आरोग्य केंद्राची झाडलोट करते. म्हणाली, ताई, तान्ह्या लेकरासारखं हाय ह्याचं, निजवलं की पुन्हा उठतंय, आन् तापतंय बी लई. मला हसू फुटलं. वीस गावांतल्या बाळंतपणांच्या नोंदी आता वहीऐवजी यात भरायच्या, आणि त्या मी भरायच्या! खिडकीतून किल्ला दिसतो. बाबांना पत्र टाकलं, खाली सही: तुमची रुद्राणी.

७ डिसेंबर

तापण्याचं कारण सापडलं. लॅपटॉपखाली गादीचा तुकडा आणि वर टीव्हीला घालतात तसा क्रोशाचा रुमाल, छबुबाईनं मुद्दाम विणलेला. हवा जाणार कुठून? रुमाल काढला तर बाई रुसली. शेवटी तो माझ्या डब्यावर घालू दिला. लॅपटॉप दोन विटांवर ठेवलाय, मधून वारा खेळतो.

१२ डिसेंबर

जेवून आले तर पुन्हा जागा, पुन्हा गरम. फोनची घंटी वाजली की उठायची सोय त्यात असते, ती बंद केली. माऊस काढला. पंख्यातली धूळ फुंकली.

समोर एका मुलीची नोंद उघडी होती, आज तिचा पाचवा दिवस. शेऱ्याचा रकाना मी कोरा सोडला होता. त्यात ९ लिहिलेलं. माझाच हात लागला असेल.

१७ डिसेंबर

ती मुलगी गेली. काल. नवव्या दिवशी.

छबुबाईनं कानाला हात लावले. पाचवीला सटवाई कोऱ्या कागदावरच नशीब लिहिती, तुमी कोरा ठिवलाच कावून, म्हणाली. मी तिच्यावर ओरडले. नंतर सगळ्या नोंदी पाहिल्या. मुलांचे शेरे कोरेच आहेत. सटवाईला फक्त पोरीच दिसतात का?

२१ डिसेंबर

काम झालं की बॅटरी, वायर दोन्ही काढून ठेवते. तरी दुपारी गरम. आणखी दोन मुली. अठरा तारखेला ११. आज ८.

दोन्हीकडून निरोप आले, पोरी दूध ओढत नाहीत. केंद्राचे व्यवस्थापक मोहनराव यांना जीप मागितली. त्यांनी आधी स्क्रीन पाहिली. म्हणाले, लिहिलेलं चुकतं का? डिझेल कशाला जाळायचं? वर हसून म्हणाले, शिकल्या की पोरी लई प्रश्न विचारतात. त्या ९ आकड्याच्या मुलीचाही निरोप आला होता. तेव्हाही स्क्रीन बघूनच त्यांनी जीप थांबवली. मुलांसाठी मात्र कधी थांबवत नाहीत.

मग त्या कशानं मरतात? आकड्यानं, की अंगणात उभ्या जीपनं?

२५ डिसेंबर

दोघी गेल्या. जीप धुऊन उभी. मी ते दोन आकडे भरू दिले — मीच रकाना कोरा —

छबुबाईच्या लेकीला, संगीताला, मुलगी झाली. पेढे आणलेत. माझा मी डब्यात ठेवला.

२९ डिसेंबर

संगीताच्या पोरीला ताप. दूध सुटलं. आज पाचवा दिवस.

बॅटरी नाही. वायर नाही. स्क्रीन उजळली. तिचीच नोंद. बोटं भाजली तरी मीच आधी लिहिलं — म्हातारी होईल.

कोरं काही ठेवलं नाही. एकही रकाना नाही. आता शोध तुझी जागा, सटवाई —

शोधली. खाली नवी ओळ. नाव: रुद्राणी. वय: २२. शेरा —

मी वाचणार नाही. मोहनराव दार बडवताहेत, जीप कुठाय विचारताहेत. किल्ली त्यांच्या खणातून सकाळीच काढली, भागवत ड्रायव्हरच्या हातात दिली. पोरगी, संगीता, छबुबाई, तिघी जीपमध्ये बसून अंबाजोगाईच्या दवाखान्याकडे गेल्या. मीच पाठवल्या. आता घाट उतरल्या अस—