पाच चालतात

नोवी साद, ३ फेब्रुवारी २०११

चि. रुझित्सा हिस अ. उ. आ. वि. वि.

रेल्याचा फोटो पोचला. चार वर्षांचा तुझा नातू ओठ मिटून हसतोय हे पाहून वाटलं, आपल्या घराण्यात अखेर एक गंभीर माणूस जन्माला आला. मग फोटोमागे तुझ्या बिल्यानाने लिहिलेलं वाचलं: वरचे पुढचे चारही दात किडलेत, निशच्या इस्पितळात नेऊन भूल देऊन काढणार. त्याचा पहिला दात मीच सगळ्यांच्या आधी पाहिला होता, पहिला दात बघणाऱ्याच्या रिवाजाप्रमाणे त्याला शर्टही दिला होता. पंचवीस वर्षं पोरांचे दात दुरुस्त करून काय उजेड पाडला मी!

खाली तुझी लेक लिहिते, पुन्हा दिवस गेलेत, तिसरा महिना, पण काळजी नको, सिगारेटी पाचच ओढते, आई म्हणते पाच चालतात. वा! रेल्याच्या वेळीही पाचच होत्या ना? अगं, पोटातल्या बाळाचे दुधाचे दात याच महिन्यांत घडतात. धुराने ते कच्चे राहू शकतात. तुम्ही मात्र खिडक्या घट्ट लावून बसला असाल, वाऱ्याचा झोत पोटुशीला बाधेल म्हणून! आत तू, जावई आणि ती, तिघांचा धूर. तो पौष्टिक, नाही का?

हे पाचाचं गणित कुठल्या शहाण्याने शिकवलं, तेवढं कळव.

रागावलेली, तरी तुझीच,
दारिंका

पिरोत, १२ फेब्रुवारी

ती. दारिंकाताईस सा. न. वि. वि.

तुझं प्रेमळ पत्र मिळालं. दात धुराने गेले म्हणे! आणि दर सणाला तू खोकाभर चॉकलेटं पाठवतेस, ती काय दात घासायला? शिवाय मी बिल्यानाजवळ ओढतच नाही, स्वयंपाकघरात ओढते. त्याला दार नाही, हा काय माझा गुन्हा? खिडकीचं तर बोलूच नकोस. समोरच्या मिल्काआजींचं तोंड झोतानेच वाकडं झालं.

शहाण्याचा पत्ता हवाय ना? सोबतचा कागद बघ. बिल्याना पोटात असताना मी वीस ओढायचे. घाबरून विचारलं होतं, सोडू का? १९८१ साली आलेलं उत्तर आहे: एकदम सोडलंस तर बाळाला धक्का बसेल, पाच चालतात. तीस वर्षं जपून ठेवलंय. अक्षर ओळखीचं वाटतंय का, डॉक्टरीणबाई?

तुझी आज्ञाधारक धाकटी,
रुझित्सा

नोवी साद, २० फेब्रुवारी

चि. रुझित्सास आशीर्वाद, द्यायचा हक्क उरला असेल तर.

शहाणा सापडला. माझ्याच पत्त्यावर राहतो. दंतवैद्यकीच्या तिसऱ्या वर्षाला होते, प्राध्यापकांनी हातात सिगारेट धरून सांगितलं आणि मी तुला लिहून टाकलं. माझी एकही गोष्ट तू कधी ऐकली नाहीस, नेमकी हीच ऐकलीस. बिल्यानाचे दात मीच भरत आले, आणि दातांत बापावर गेलीय म्हणून हसत आले. मला फार वाईट वाटतंय, रुझा. चॉकलेटांचंही खरं आहे.

आता नवं उत्तर लिहिते, हेही जप: एकही चालत नाही. जुन्या पत्राला टाचून दोन्ही बिल्यानाला दे. एकटीला जमलं नाही तर दवाखान्यात मदत मागावी, लाजू नये.

तुझी चुकलेली,
ताई

पिरोत, ९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

गुरुवारी रेल्याचे दात काढले. तो आत असताना बिल्यानाने बाहेर बाकावर बसून दोन्ही पत्रं वाचली. रेल्या शुद्धीवर आला आणि तोंडात कापूस असतानाच विचारायला लागला, पहिला दात बघणाऱ्याने शर्ट द्यायचा, तर गेलेले दात बघणाऱ्याने काय द्यायचं? बिल्यानाने पर्समधलं सिगारेटचं पाकीट काढून त्याच्या हातात ठेवलं. त्याने ते कचऱ्यात टाकलं आणि माझ्यापुढे हात पसरला. काय करते, दिलं माझंही.

आज सहावा दिवस. आम्ही दोघी दिवसभर एकमेकींवर खेकसतो. जावयाला ओढायला जिन्याखाली हाकललंय. खिडक्या उघड्या आहेत. मला सर्दी झालीय, पण मिल्काआजींना कळू द्यायचं नाही.

पुढल्या वर्षी नव्या बाळाचा पहिला दात बघायला तूच ये. शर्ट आण. चॉकलेट आणलंस तर जिन्यावरूनच परत पाठवीन.

शिंकत शिंकत, तुझीच,
रुझित्सा