काळा गाभा

३ फेब्रुवारी १९५८, सोमवार
सकाळी मिरजेहून बंगळुरात पोहोचलो. हवा इतकी छान गार की स्वेटर काढवत नाही. बिंदुमाधवरावांनी (इथे सगळे त्यांना रावसाहेब म्हणतात) बसवनगुडीतल्या आपल्या घराच्या मागच्या अंगणातली खोली दिली आहे. खिडकीसमोर पेरूचं झाड आणि एक लहान भट्टी. घराणं तीनशे वर्षं इथलंच, त्यामुळे मराठी कानडीच्या चालीवर बोलतात. मी मॅट्रिक नापास. पण माझं शुद्धलेखन पाहून ठेवून घेतलं. होसकोट्याजवळ निघालेल्या जुन्या तांबड्या भांड्यांची खापरं तपासायची : मातीत काय मळलं होतं, भाजणी किती झाली. काम पसंत पडलं तर नोकरी कायम. आईला आजच कार्ड टाकलं.

५ फेब्रुवारी
खापराचा तुकडा कुरुंदाच्या पुडीने काचेवर घासून, उजेड आरपार जाईल इतका पातळ करायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. गारेचे कण, अभ्रक, तूस जळून राहिलेल्या पोकळ्या, सगळं दिसतं. फार सुंदर. त्याआधी जिभेची परीक्षा. कमी भाजलेलं खापर ओल शोषतं, म्हणून जिभेला चिकटतं. रावसाहेब स्वतः खापराला जीभ लावत नाहीत. इथे जीभ मदतनिसाची.

त्यांच्या विधवा बहीण कमलाक्का कॉफी देतात ती उंबऱ्याबाहेर ठेवून. आज म्हणाल्या, तुझ्या आधीचा येसाजी, मनगटावर मारुती गोंदलेला, फार तोंडाळ होता. “तुझी जीभ तरी कामाची आहे का रे, तम्मा?” (तम्मा म्हणजे धाकटा भाऊ.) येसाजी कुठे गेला हे विचारलं तर हसल्या.

८ फेब्रुवारी
खापरं जोडून एक रांजण जवळजवळ उभा राहिला आहे, माणूस बसेल एवढा. एकच बाजू उघडी. आज तिच्या काठाला जीभ लावली. सुटेना. ओढली तेव्हा साल तिथेच राहिली. रावसाहेब म्हणाले, सरी, ठीक, पसंत पडलास. मला वाटलं, नोकरीबद्दल म्हणाले.

११ फेब्रुवारी
तहान भागत नाही. हाताची कातडी तांबूस, कोरडी. रांजणाचा उघडा काठ बोटभर पुढे आला आहे. मापात चूक माझी असेल म्हणून पुन्हा मोजला. चूक नाही. रावसाहेबांनी पुन्हा जीभ लावायला सांगितलं. नको म्हणालो, तर मान धरून लावली.

१४ फेब्रुवारी
रांजणाचा शेजारचा भाग ओल्या फडक्याने पुसला. खाली निळसर रेघा. शेपूट, गदा. मारुती आहे.

कमलाक्का मागे उभ्या होत्या. “भेटला का येसाजी? आता तू उगाच हलू नको. तडा जाईल.”

१५ फेब्रुवारी
ट्रंक घेऊन निघालो. अंगणाच्या पायरीवर ठेच लागली, हात आपटला. करंगळी तुटली. रक्त नाही. आवाज कौल फुटल्यासारखा.

खोलीत येऊन तुकडा घासला, काचेखाली ठेवला. गारेचे कण. अभ्रक. तुसाच्या पोकळ्या. दोन्ही कडा लाल, मध्ये काळा पट्टा. जे दिसलं ते सवयीने मोठ्याने म्हणालो : गाभा काळा, भाजणी अपुरी. रावसाहेब दारातच होते. शाबास म्हणाले. कधी नव्हे ते पाठीवर थाप मारली. कच्च्या मडक्यासारखा बद्द आवाज झाला.

१६ फेब्रुवारी
दाराला बाहेरून कडी. अंगणात भट्टीची भिंत पाडून ती रुंद करताहेत. गोवऱ्या आल्या — तूस, लाकडं —

मीच सांगितलं. अपुरी म्हणून मीच —

१७ फेब्रुवारी
गुडघे वळत नाहीत. हाक मारली तर तोंडातून भुकटी. उजवा हात अजून — अक्षर तेवढं नीट —

भट्टीला जाळ लागला. कमलाक्का पायाला ओली माती लिंपताहेत. रावसाहेब त्यांना म्हणतात जपून उचल, स्वल्प तिरका धर, आधी पाय आत जाऊ —